ब्रेकचं पेडल खाली बसतंय? आधी शोधा, मग पाना उचला

कोल्हापुरात ताराराणी चौकातल्या सिग्नलला संध्याकाळी उभा होतो. लाल दिवा, पुढं रिक्षा, मागं केएमटीची बस. ब्रेकवर पाय नुसता ठेवलेला. थोड्या वेळानं जाणवलं की पाय आत चाललाय. मी जोर वाढवला नव्हता. चिखलात काठी रुतावी तसं पेडलच सावकाश खाली उतरत होतं. गाडी वीतभर पुढं सरकली. रिक्षाला टेकायच्या आत पाय उचलून पुन्हा दाबला, तर पेडल एकदम टणक आणि जागच्या जागी. दहा-पंधरा सेकंदांत पुन्हा तोच प्रकार.

गाडी १४ वर्षांची, लहान हॅचबॅक, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. गॅरेजला नेली. पहिल्या फेरीत पुढचे ब्रेक पॅड बदलले. दुसऱ्या फेरीत ‘एअर धरलीय’, म्हणजे पाइपात हवा अडकलीय, म्हणून एअर काढली, वर ब्रेक ऑइलही बदललं. त्यानंतर तर पेडल आधीपेक्षा लवकर बसायला लागलं. तिसऱ्या फेरीत मेस्त्रींनी गल्लीत गाडी पळवली, करकचून ब्रेक मारला, गाडी जागेवर थांबली आणि निकाल लागला: ‘ब्रेक एकदम ओके हाय, तुमच्या मनात बसलंय.’

मनात नव्हतं, पेडलच बसत होतं. शेवटी रविवारी अंगणात पोराला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः बॉनेट उघडून उभा राहिलो. दोन तासांत दोष सापडला. त्या दोन तासांतली पद्धत आणि पुढची दुरुस्ती इथं मांडतोय. ज्यांनी ब्रेकचं काम कधीच केलेलं नाही त्यांनी निदानापर्यंतचा भाग स्वतः करावा आणि पाना लावायचं काम जाणत्या माणसाकडं द्यावं. नेमका दोष सांगत गॅरेजात गेलात की तुमच्याशी बोलायची तऱ्हाच बदलते.

एक गोष्ट आधीच सांगतो. पेडल बसत असेल तर दोष सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर न्यायची नाही. ‘दोनदा मारलं की धरतोय’ ही सोय नव्हे. दुसऱ्यांदा पाय मारायला लागणाऱ्या अर्ध्या सेकंदात ताशी ५० किलोमीटरनं चाललेली गाडी सात मीटर पुढं गेलेली असते. चालत्या गाडीत पेडल खाली गेलंच तर भराभर पंप करत राहायचं, एकेक गिअर खाली टाकायचा आणि हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढायचा. हँडब्रेकला झटका दिला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते.

पेडलची तक्रार नेमकी कोणती?

‘ब्रेक खाली जातोय’ या एका वाक्यात लोक चार वेगळे दोष सांगतात, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिला दोष आपला: पाय स्थिर, जोर तेवढाच, तरी पेडल हळूहळू आत जातं. याचा अर्थ दाब धरला जात नाही. एक तर ऑइल बाहेर गळतंय, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलच्या जोरानं ऑइल चाकांकडं रेटणाऱ्या पंपाच्या, आतल्या आत रबराला बगल देऊन मागं सरकतंय. तिसरी वाट एबीएस असलेल्या गाडीत असते, तिच्याबद्दल पुढं.

दुसरा, पेडल स्पंजासारखं लागतं. दाबलं की दबतं, पण एका जागी थांबतं. ही पाइपमधली हवा. ऑइल दाबून लहान होत नाही, हवा होते.

तिसरा, पहिल्या दाबाला पेडल फार खाली जातं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येऊन टणक होतं. यात बऱ्याचदा मागच्या चाकांच्या ड्रममधले लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे, झिजलेले असतात, किंवा लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढलेलं असतं. हवेनंही असंच होतं, पण हवा असेल तर वर आलेलं पेडलही थोडं लुसलुशीतच लागतं.

चौथा घाटातला. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना किंवा जोतिबाचा डोंगर भरल्या गाडीनं उतरताना सारखा ब्रेकवर पाय ठेवला की चाकाजवळचं ऑइल तापतं. जुन्या ऑइलनं पाणी शोषलेलं असतं, ते उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतं. खाली अर्धा तास थांबलं की सगळं ठीक. हा दोष मास्टर सिलिंडरचा नाही. जुनं ऑइल बदलायचं आणि ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं.

यांत एक खोटा दोषही असतो. इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबून टणक करा, दाबून धरा आणि तसंच इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली जाईल. हे बरोबर आहे. पेडलमागच्या बूस्टर नावाच्या डब्याला इंजिनकडून व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, मिळाला आणि तो तुमच्या पायाला मदत करायला लागला, एवढाच त्याचा अर्थ. बरेच जण इथंच घाबरून गॅरेज गाठतात. खाली जाऊन ते थांबतं का, एवढंच बघायचं.

आत काय चाललेलं असतं

पेडलचा दांडा बूस्टरमधून मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलतो. आजच्या गाड्यांत या सिलिंडरमध्ये एकामागं एक असे दोन पिस्टन असतात आणि प्रत्येकाचं ऑइलचं सर्किट वेगळं. पुढची चाकं ओढणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांत ही विभागणी तिरपी असते: पुढचं डावं आणि मागचं उजवं एकात, उरलेली दोन दुसऱ्यात. म्हणून एखादा पाइप फुटला तरी पेडल बरंच खाली जाऊन अडतं आणि दोन चाकं तरी धरतात.

पिस्टनवर रबराचे कप असतात, गॅरेजच्या भाषेत वॉशर किंवा ‘किट’. पेडल दाबलं की कपाची कड सिलिंडरच्या भिंतीला चिकटते आणि ऑइल पुढं रेटलं जातं. कड झिजली, फाटली किंवा भिंतीला गंज धरला की ऑइल कडेनं मागं जातं. बाहेर एक थेंबही दिसत नाही, मास्टर सिलिंडरवरच्या ऑइलच्या टाकीतली पातळी तशीच राहते, आणि पेडल मात्र खाली.

आता मेस्त्रींच्या ट्रायलमध्ये दोष का दिसला नाही ते बघा. करकचून ब्रेक मारला की ऑइलचा दाबच कपाची कड भिंतीवर घट्ट दाबतो आणि झिजलेला कपही तेवढ्यापुरता धरतो. हलक्या पायाला तेवढा दाब नसतो, कड सैल राहते आणि ऑइल झिरपतं. म्हणून हा दोष सिग्नलला दिसतो आणि जोरदार ट्रायलमध्ये लपतो.

बसल्या जागी करायच्या चाचण्या

गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. बॉनेट उघडून टाकीतली पातळी बघा आणि किमान-कमाल खुणांमध्ये ती कुठं आहे ते लिहून ठेवा. पॅड झिजतात तशी पातळी हळूहळू कमी होते, ते चालतं. आठवड्यात डोळ्यांना दिसण्याइतकी कमी झाली तर गळती आहे, मग पुढं तीच शोधायची. ऑइलचा रंगही बघा. नवं ऑइल फिकट पिवळसर असतं. चहासारखं झालं असेल तर बरीच वर्षं बदललेलं नाही, आणि तळाशी काळा गाळ असेल तर कुठलं तरी रबर झिजतंय.

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. आता हलक्या पायानं, सिग्नलला ठेवतो तेवढ्याच जोरानं, पेडल धरून पूर्ण एक मिनिट घड्याळ लावा. मग पाय उचला आणि जोरात दाबून आणखी एक मिनिट. हलक्या पायाला बसलं आणि जोराला थांबलं, तर संशय मास्टर सिलिंडरच्या कपांवर. दोन्ही वेळी बसलं, तर गळतीही असू शकते. दोन्ही वेळी दगडासारखं राहिलं, तर हीच चाचणी इंजिन चालू ठेवून करा.

माझ्या गाडीत हलक्या पायाला विसाव्या सेकंदाला पोरगं ओरडलं, ‘पप्पा, जातंय की खाली!’ जोरानं दाबलं तर हललं नाही.

यानंतरची चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण दोष डोळ्यांना दिसतो. टाकीचं झाकण काढा आणि दुसऱ्याला पेडल हळू दाबून धरायला सांगा. सुरुवातीला टाकीत छोटी उसळी येईल. पिस्टन पुढं सरकून टाकीकडं जाणारं भोक बंद करेपर्यंत थोडं ऑइल परत येतंच. पण पेडल धरलेलं असताना टाकीच्या तळातून बारीक धार किंवा भोवरा सतत वर येत राहिला, तर ऑइल कपाला वळसा घालून मागं येतंय. चष्मा लावा, वाकून तोंड वर आणू नका, आणि पेडल झटक्यात दाबू देऊ नका. ब्रेक ऑइल डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्यानं धूत राहावं लागतं आणि डॉक्टरांकडं जावं लागतं. काही टाक्यांत मध्ये जाळी किंवा आडभिंत असते, तिथं हे दिसत नाही. दिसलं नाही म्हणून मास्टर सिलिंडर निर्दोष ठरत नाही.

गळती शोधताना

चारही चाकांच्या आतल्या बाजूला बॅटरी मारून बघा. टायरच्या आतल्या भिंतीवर ओला ओघळ, ड्रमच्या मागच्या पत्र्याखाली तेलकट थेंब, पुढच्या चाकात पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनभोवती ओल. आपल्याकडं पावसाळ्यात सगळंच ओलं असतं, म्हणून कोरड्या दिवशी बघा आणि बोट लावून चोळा. ब्रेक ऑइल बुळबुळीत लागतं आणि पाण्यासारखं उडून जात नाही.

मागचा ड्रम काढलात तर व्हील सिलिंडरच्या, म्हणजे लायनर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या, रबरी टोपीची कड किंचित उचलून बघा. आत थोडा दमटपणा चालतो. ऑइल ओघळलं तर सिलिंडर गेला. त्या ऑइलनं लायनर भिजला असेल तर तो पेट्रोलनं धुऊन परत बसवायचा नाही. वरून कोरडा दिसतो, पण शोषलेलं ऑइल तापल्यावर बाहेर येतं. त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे लायनर बदला. ड्रममधली धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

चाकांकडं जाणारे रबरी होज (लवचिक नळ्या) वाकवून भेगा बघा, आणि कुणाला तरी पेडल दाबायला लावून होजवर फुगवटा येतो का तेही बघा. लोखंडी पाइप गाडीखाली क्लिपांच्या जागी गंजतात, कारण तिथं चिखल अडकून राहतो.

सगळ्यात लपलेली गळती मास्टर सिलिंडर आणि बूस्टरच्या जोडाला असते. मागचा सील गेला की ऑइल बूस्टरच्या पोटात जातं. बाहेर जमिनीवर काही नाही, आणि टाकी मात्र कमी होते. बूस्टरवरचा रंग त्या जोडाखाली सोलल्यासारखा दिसला तर तिथंच शोधा. ब्रेक ऑइल रंग खातं. ते व्हॅक्यूमच्या पाइपमधून इंजिनात ओढलं गेलं तर सायलेन्सरमधून पांढरा धूरही दिसतो.

सर्किट तोडून पुरावा मिळवणं

गळती नाही, पातळी स्थिर, तरी पेडल बसतंय. इथं लोक सरळ मास्टर सिलिंडर मागवतात आणि दहातल्या बऱ्याच वेळा ते बरोबरही निघतं. पण एक पायरी आणखी केली तर खात्री होते.

मास्टर सिलिंडरमधून निघणारे पाइप सोडून त्या भोकांत आंधळे बोल्ट, म्हणजे प्लग, बसवायचे आणि पेडल दाबायचं. आता पुढं ऑइलला जायला जागाच नाही. पेडल वरच्या वर टणक झालं पाहिजे आणि तसंच राहिलं पाहिजे. तरीही हळूहळू बसलं, तर दोष मास्टर सिलिंडरच्या आतच. याला दुसरा अर्थ नाही.

प्लग मिळायला अडचण येते. बऱ्याच गाड्यांत आटे १० मिलिमीटरचे, १ मिलिमीटर पिचचे असतात, पण नुसते आटे जुळून भागत नाही. आतली बसायची जागाही जुळावी लागते, नाहीतर ऑइल कडेनं येतं. मी उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्या मावसभावाकडं गेलो. तो म्हणाला, ‘नवीन कशाला घडवतोस? भंगारातला त्याच गाडीचा पाइप आण.’ पाइपचं नटासकट टोक चार बोटं ठेवून कापलं, दुसरं टोक चेपून ब्रेझिंगनं बंद केलं. आटे कंपनीचे, बैठकही कंपनीची. असे दोन तुकडे आता माझ्या हत्यारांच्या डब्यात कायम असतात.

प्लग लावल्यावर भोकाशी थोडी हवा राहते. पेडल दाबून धरायला सांगून प्लगचा नट पाव आटा सैल करायचा, बुडबुडा गेला की आवळायचा, आणि मगच पाय सोडायचा. माझ्या गाडीत दोन्ही प्लग लावूनही पेडल बसलं, आणि तिथंच खटला संपला.

प्लग लावून पेडल टणक राहिलं असतं तर एकेक पाइप परत जोडत कुठल्या सर्किटला पेडल बसतं ते बघितलं असतं. काही जण यासाठी रबरी होज चिमटतात. गुळगुळीत तोंडाचा खास क्लॅम्प असेल आणि होज नवा असेल तर ठीक. दातेरी पकडीनं चिमटलेला होज आतून चिरतो आणि महिन्याभरानं दगा देतो, म्हणून मी तो मार्ग टाळतो.

एबीएसच्या गाडीत मास्टर सिलिंडर आणि चाकं यांच्यामध्ये व्हॉल्व्हचं युनिट असतं. त्यातल्या एखाद्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला तर तिथूनही दाब निसटतो आणि पेडल बसतं. मास्टरच्या भोकांवर प्लग लावून पेडल टणक, बाहेर कुठं गळती नाही, तरी पाइप जोडले की बसतं, असं असेल तर संशय तिकडं जातो. तिथून पुढं स्कॅनर असलेल्या गॅरेजचं काम.

किट टाकायचं की नवा सिलिंडर?

‘किट टाकूया, स्वस्तात होईल’ हा सल्ला हमखास मिळतो. माझं मत: लहान गाडीला नवा पूर्ण सिलिंडर घ्या. ओतीव लोखंडाच्या जुन्या सिलिंडरला आतून हलकं पॉलिश मारून किट टाकत, ते चालायचं. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून कठीण थर दिलेला असतो. तो घासला की नवे कप त्या भिंतीवर फार दिवस टिकत नाहीत.

घेताना बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, तपासा. बहुतेकदा तो सिलिंडरच्या अंगावरच उठवलेला असतो, उदाहरणार्थ २०.६४ किंवा २२.२२ मिलिमीटर. एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांत तो वेगळा असू शकतो. मोठा बोअर बसवला तर पेडल टणक लागतं, पण त्याच पायाला ब्रेक कमी लागतो. जुना नग हातात घेऊन दुकानात जा, फोनवर मागवू नका.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच, बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ (हे ब्रेक ऑइलचे दर्जे). डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू नवं असताना २३० अंश सेल्सिअस आणि पाणी शोषल्यावर १५५ अंश, तर डॉट ३ चे तेच आकडे २०५ आणि १४०. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकूनही नाही. त्यानं ब्रेकची रबरं फुगतात आणि मग मास्टरपासून चाकांपर्यंत सगळी रबरं बदलावी लागतात. लहान गाडीला एक लिटर पुरतं. सीलबंद बाटली घ्या, मागच्या वर्षीची उघडी अर्धी बाटली नको.

सिलिंडर बदलताना

आदल्या रात्री पाइपांच्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. फेंडरवर ओलं गोणपाट टाका, शेजारी पाण्याची बादली ठेवा. ऑइल सांडलं की लगेच पाणी ओता. टाकीतलं ऑइल जुन्या सिरिंजनं ओढून घ्या. पातळीच्या सेन्सरची वायर सोडा.

पाइपाच्या नटाला साधा फिक्स पाना लावू नका. हे नट मऊ असतात, कडा गोल झाल्या की पकड लावावी लागते आणि पकड लावली की पाइप पिळतो. तोंडाला फट असलेला रिंग पाना, ज्याला फ्लेअर पाना म्हणतात, तो बहुतेक गाड्यांना १० नंबरचा लागतो. सोडलेल्या पाइपांची तोंडं लगेच स्वच्छ रबरी टोपीनं बंद करा.

बूस्टरवरचे दोन नट काढायच्या आधी पेडल पुन्हा चार-पाच वेळा दाबून व्हॅक्यूम संपवा. सिलिंडर सरळ पुढं ओढून काढा आणि बूस्टरच्या तोंडात बोट घालून ओल आहे का बघा. भरपूर ऑइल साठलेलं असेल तर बूस्टरचा पडदाही तपासावा लागेल. नव्या सिलिंडरबरोबर जोडाची रिंग नवी टाका. बूस्टरच्या दांड्याची लांबी आवळू-सैल करायचा मोह टाळा. दांडा जास्त बाहेर राहिला तर पिस्टन पूर्ण मागं येत नाही, भोक उघडत नाही आणि गाडी चालता चालता ब्रेक धरायला लागतात.

नवा सिलिंडर गाडीत बसवण्याआधी बाकावर भरून घ्या. व्हाइसमध्ये त्याच्या कानांना, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या पट्ट्यांना, हलकं धरा, दोन भोकांना दोन छोटे पाइप लावून त्यांची टोकं टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवा, आणि बोथट दांड्यानं पिस्टन सावकाश ढकला, सावकाश सोडा. बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण पंधरा-वीस वेळा. ही पायरी गाळणारे नंतर दिवसभर एअर काढत बसतात. बसवताना पाइपांचे नट आधी हातानं दोन-तीन आटे फिरवून घ्या, मगच बूस्टरचे नट आवळा. तिरका आटा चढला तर नवा सिलिंडर जागेवर भंगारात.

एअर काढणं, आणि तो लाकडाचा ठोकळा

गाडी जॅकवर उचलली की स्टँड लावल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. वीट तर नाहीच.

क्रम गाडीच्या पुस्तकात असतो, तोच पाळा. सर्वसाधारण रिवाज मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करायचा. आपल्या गाड्यांत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. तिरप्या सर्किटच्या काही गाड्यांना वेगळा क्रम दिलेला असतो.

निप्पलवर, म्हणजे चाकाजवळच्या एअर काढायच्या स्क्रूवर, पारदर्शक नळी लावा आणि तिचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडलेलं ठेवा. आत बसलेल्याशी शब्द ठरवून घ्या. आमचे तीन: ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’. ‘दाब’ म्हटलं की सावकाश दाबायचं. मी निप्पल पाव आटा उघडतो, ऑइल येतं, पेडल खाली जातं. ‘धर’ म्हटलं की पाय तिथंच. निप्पल बंद झाल्यावरच ‘सोड’. यात घाई झाली की निप्पलमधून हवा परत आत. नळीत बुडबुडे थांबून फिकं ऑइल येईपर्यंत करत राहा आणि दर चार-पाच दाबांनी टाकी बघा. ती रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून.

आता ठोकळ्याचं. पेडलखाली दीड-दोन इंचाचा लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे ते जमिनीपर्यंत जाणार नाही. रोजच्या वापरात पिस्टन बोअरच्या ठरावीक भागातच पुढं-मागं होतो. त्याच्या पलीकडच्या भागात वर्षानुवर्षांचा गाळ आणि गंज असतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत आपटलं की कपाची नाजूक कड त्या खरबरीत भागावरून घासत जाते. माझ्या गाडीचं पेडल दुसऱ्या फेरीनंतर लवकर बसायला लागलं त्याचं कारण हेच असणार; जुना सिलिंडर उघडून बघितला तेव्हा कपाच्या कडेला ताजा ओरखडा होता आणि बोअरच्या पुढच्या टोकाला तांबूस पट्टा. सिलिंडर नवा असला तरी ठोकळ्याची सवय मोडू नका.

सगळं करूनही पेडल लुसलुशीत राहिलं तर कॅलिपरकडं बघा. डाव्याचा उजव्याला बसला असेल तर निप्पल खाली येतं आणि वरची हवा निघतच नाही. निप्पल नेहमी वरच्या बाजूला पाहिजे. हँडब्रेक फार वर येत असेल तर मागच्या लायनरचं ॲडजस्टर फिरवून चाकाला किंचित घास लागेपर्यंत आणा, आणि त्याआधी हँडब्रेकची केबल सैल करून घ्या.

काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. ते जयंती नाल्यातून पंचगंगेतच जातं. डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडं द्या. आणि २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालेली सेकंडहँड गाडी घेतली असेल तर तिच्या ब्रेकचं ऑइल कधी बदललं हे विचारत बसू नका, आल्या दिवशी बदला. बाकीच्या गाड्यांना साधारण दोन वर्षांनी.

ट्रायल

चाकं जमिनीला टेकवण्याआधी इंजिन बंद ठेवून हलक्या पायाची एक मिनिटाची चाचणी पुन्हा करा, मग जोराची, मग इंजिन चालू ठेवून. प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू पेपर लावून बघा. पाय सोडल्यावर चारही चाकं हातानं मोकळी फिरली पाहिजेत. मागचा ब्रेकलाइट पेडल सोडल्यावर विझतो का तेही.

पहिली फेरी अंगणात, माणसाच्या चालीनं, हात हँडब्रेकवर ठेवून. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी २० नं, मग ४० नं. मी भल्या सकाळी रंकाळ्याला एक चक्कर मारली आणि परतताना मुद्दाम ताराराणी चौकातून आलो. लाल दिवा लागला, पाय हलकेच पेडलवर ठेवला आणि सिग्नलवरचे आकडे मोजत बसलो. शून्य आलं तरी पाय जिथं होता तिथंच होता. मागून हॉर्न सुरू झाले.

शंभरेक किलोमीटर झाल्यावर पाइपांच्या नटांना पुन्हा एकदा तोच टिश्यू लावला. कोरडा निघाला.